ब्रूज की गेंट? फ्लांडर्समधील दोन गॉथिक घंटा-मनोऱ्यांचा तुलनात्मक आढावा

बेल्जियमच्या उत्तरेकडील फ्लांडर्समध्ये ब्रूज आणि गेंट ही दोन जुनी व्यापारी शहरे एकाच रेल्वेमार्गावर, एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर वसली आहेत. दोन्ही शहरांच्या ऐन मध्यावर तेराव्या-चौदाव्या शतकात बांधायला घेतलेला एकेक गॉथिक मनोरा उभा आहे. त्यातल्या घंटा आजही दिवसभर वाजतात, आणि तिकीट काढून कोणालाही वरपर्यंत जाता येते. स्थानिक डच भाषेत दोन्ही मनोऱ्यांना ‘बेलफोर्ट’ असेच म्हणतात. इतके साम्य असल्यामुळे ‘एक पाहिला की दुसरा पाहिल्यासारखाच’ असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात चढण, आतील वस्तू, वरून दिसणारे शहर आणि होणारा खर्च या चारही बाबतींत हे मनोरे एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत.

युरोपच्या ठरावीक सहलींत पॅरिसहून ॲमस्टरडॅमकडे जाताना बेल्जियमच्या वाट्याला बहुधा एखादाच दिवस येतो आणि तोही ब्रसेल्समध्येच खर्ची पडतो. त्यामुळे हा प्रश्न प्रामुख्याने स्वतःचा प्रवास स्वतः आखणाऱ्यांना पडतो. नेदरलँड्समध्ये किंवा जर्मनीत नोकरीनिमित्त राहणारी आणि उन्हाळ्यात गावाकडून आलेल्या आईवडिलांना घेऊन शनिवारी-रविवारी बाहेर पडणारी मराठी कुटुंबे हा त्यातला एक वर्ग झाला. यांच्यापैकी बहुतेकांनी ब्रूजचे नाव ऐकलेले असते, गेंटचे क्वचितच. आणि म्हणून वेगळा विचार न करता सगळे ब्रूजच्या रांगेत जाऊन उभे राहतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. बरोबर ज्येष्ठ माणसे असतील, किंवा उंचावरून शहर पाहणे एवढाच हेतू असेल, तर गेंट निवडावे. गुडघे धड असतील आणि जुन्या यंत्रांची किंवा घंटासंगीताची ओढ असेल, तर ब्रूजला पर्याय नाही. हे मत ब्रूजप्रेमींना पटणार नाही याची कल्पना असल्यामुळे पुढे कारणे सविस्तर दिली आहेत.

देवळाचा नव्हे, गावाचा मनोरा

युरोपातील उंच गॉथिक मनोरा म्हटला की तो चर्चचाच असणार असे आपण गृहीत धरतो. हे दोन्ही मनोरे चर्चचे नाहीत. ते नगराचे आहेत, आणि ही एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर आत मांडलेल्या निम्म्या वस्तूंचा अर्थ लागत नाही. मध्ययुगात लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेल्या फ्लांडर्समधील शहरांनी आपल्या सरदारांकडून करवसुलीचे, न्यायदानाचे आणि व्यापाराचे हक्क मिळवले. त्या हक्कांच्या सनदा ठेवायला मजबूत, आगीपासून शक्य तितकी सुरक्षित जागा हवी होती, आणि कामाची वेळ, वेशीचे दरवाजे उघडण्या-मिटण्याची वेळ, आग, शत्रूची चाहूल अशा गोष्टी साऱ्या गावाला एकदम कळवायला घंटा हवी होती. दोन्ही गरजा एकाच इमारतीने भागवल्या. खाली सनदांची तिजोरी, वर घंटा आणि पहारेकरी, शेजारी कापडाचा बाजार, अशी ही रचना आहे. आपल्या शहराला स्वतःचा आवाज आहे हे सरदाराला आणि बिशपला रोज ऐकू जावे, हाही हेतू त्यामागे होताच. युनेस्कोने १९९९ मध्ये बेल्जियममधील ३२ नगर-मनोऱ्यांना जागतिक वारसा यादीत घेतले आणि २००५ मध्ये त्यात उत्तर फ्रान्समधील मनोरे मिळवून संख्या ५६ वर नेली, ती याच नागरी स्वातंत्र्याच्या खुणा म्हणून. ब्रूज आणि गेंट दोन्ही या यादीत आहेत.

उंचीचा अंदाज यावा म्हणून मुंबईकरांना राजाबाई टॉवरचे माप उपयोगी पडेल. राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. ब्रूजचा मनोरा ८३ मीटर, गेंटचा ९१ मीटर. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी ज्या शैलीचे पुनरुज्जीवन करून मुंबईचा तो मनोरा आखला, त्या शैलीची अस्सल, सहा-सातशे वर्षे जुनी इमारत येथे पायाखालून घालता येते, हा एक जास्तीचा लाभ. राजाबाई टॉवरवर सामान्य माणसाला चढू देत नाहीत.

अर्थात ‘अस्सल’ हा शब्द जपून वापरायला हवा. ब्रूजचा मनोरा १२४० च्या सुमारास उभारला गेला आणि १२८० मध्ये आगीत जळाला. त्या आगीत शहराचे दप्तरही गेले. मनोरा पुन्हा बांधला गेला. त्याचा वरचा अष्टकोनी दगडी भाग १४८३ ते १४८७ या काळात चढवला गेला आणि त्यावर लाकडी शिखर बसवले गेले. १४९३ मध्ये वीज पडून ते शिखर घंटांसह जळाले. पुन्हा बांधलेले शिखर १७४१ मध्ये पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि मग नगराने शिखराचा नाद सोडला. आज माथ्यावर दिसणारा दगडी जाळीचा कठडा १८२२ मधला आहे. त्यामुळे ब्रूजचा मनोरा वरून सपाट, काहीसा अर्धवट थांबल्यासारखा दिसतो. खालचे दोन चौकोनी टप्पे विटांचे आणि वरचा अष्टकोन फिकट दगडाचा असल्यामुळे दोन वेगवेगळ्या काळांचा सांधा चौकातूनही स्पष्ट दिसतो. शिवाय तो पूर्वेकडे सुमारे ८७ सेंटीमीटर कललेला आहे. पिसासारखा कल येथे शोधू नये. मुद्दाम निरखून पाहिले तरच तो जाणवतो.

गेंटच्या मनोऱ्याची कहाणी आगीची कमी आणि हट्टाची जास्त आहे. बांधकाम १३१३ मध्ये यान फान हाल्स्ट या गवंडी-स्थपतीच्या आराखड्यानुसार सुरू झाले आणि १३८० मध्ये पुरे झाले. माथ्यावर सोनेरी मुलाम्याचा तांब्याचा ड्रॅगन १३७७ च्या सुमारास चढला. आत ठेवलेल्या सनदांची राखण करणारा प्राणी अशी त्यामागची कल्पना. हा ड्रॅगन धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपलहून ब्रूजला आणला आणि १३८२ मध्ये गेंटकरांनी ब्रूज जिंकले तेव्हा लूट म्हणून उचलून नेला, असे गेंटमध्ये अजूनही रंगवून सांगतात. तारखाच सांगतात की ही निव्वळ दंतकथा आहे. पण ब्रूजला डिवचायची संधी गेंटकर सोडत नाहीत, आणि या दोन शहरांची जुनी स्पर्धा समजून घ्यायला ही दंतकथा इतिहासापेक्षा जास्त कामाची आहे. गेंटच्या शिखराचे रूपही अनेकदा बदलले. एकोणिसाव्या शतकात त्यावर ओतीव लोखंडाचे शिखर बसवले होते. ते उतरवून आजचे दगडी शिखर १९१३ च्या गेंट येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने व्हॅलेन्टिन व्हारवेक या वास्तुविशारदाने उभारले. म्हणजे ज्या टोकदार शिखरामुळे गेंटचा मनोरा ब्रूजच्या मनोऱ्यापेक्षा अधिक ‘गॉथिक’ वाटतो, ते शिखर शंभर-सव्वाशे वर्षांचेच आहे. जुन्याच दगडाला हात लावायचा असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी दोन्हीकडे खालच्या भागावर समाधान मानावे.

चढण

बहुतेकांचा निर्णय खरे तर येथेच होतो. ब्रूजच्या मनोऱ्याला ३६६ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आकडा ऐकून फारसे काही वाटत नाही. जेजुरी किंवा सप्तशृंगी चढलेला माणूस तो हसण्यावारी नेईल. अडचण संख्येची नाही, रुंदीची आहे. सुरुवातीच्या पायऱ्या ऐसपैस आहेत, पण जसजसे वर जावे तसतसा चक्री जिना आवळत जातो. पायरी आतल्या बाजूला बोटभर उरते, बाहेरच्या बाजूलाच पाऊल पुरते मावते, आणि आधाराला हाताशी जाड दोर असतो, जो हजारो तळव्यांनी गुळगुळीत झालेला आहे. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्याने जातात. वरून कोणी आले की खालच्याने भिंतीला पाठ लावून थांबायचे, की वरच्याने अरुंद बाजूला पाय टेकून पुढे सरकायचे, याचा निवाडा दर वेळी डोळ्यांच्या खुणेने करावा लागतो. शेवटच्या टप्प्यात हे वारंवार घडते. दमछाक झाली म्हणून मध्येच बसता येत नाही, कारण मागे रांग असते. तिजोरीची खोली, मग यंत्राची खोली अशा ठरावीक टप्प्यांवरच उसंत मिळते. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ‘बघू, जमेल तेवढे’ म्हणून आत शिरू नये, कारण अर्ध्यावरून परतणे हे प्रवाहाविरुद्ध उतरणे असते. साडी नेसून चढणे अशक्य नाही, पण उतरताना एक हात दोराला आणि एक निऱ्यांना गुंतलेला असेल, याचा विचार घरूनच केलेला बरा.

गेंटमध्ये लिफ्ट आहे. मात्र ती जमिनीपासून सुरू होत नाही, ही गोष्ट माहितीपत्रकांत अनेकदा बारीक अक्षरांत असते. पहिल्या टप्प्यापर्यंत सर्वांनाच दगडी जिना चढावा लागतो आणि तेथून पुढे लिफ्ट मिळते. त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला दोन्ही मनोरे सारखेच दुर्गम आहेत. पण काठी टेकत, थांबत-थांबत दोन मजले चढू शकणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला गेंटचा सज्जा आवाक्यात आहे आणि ब्रूजचा नाही, इतका हा फरक मोठा आहे. ज्यांना चढण्याचीच हौस आहे त्यांनी गेंटमध्येही वरचे टप्पे जिन्याने घ्यावेत. घंटांचे मजले त्या वाटेने अधिक निवांत पाहता येतात.

आत काय आहे

आतल्या ऐवजाच्या बाबतीत ब्रूजचे पारडे जड आहे, आणि ते एका वस्तूमुळे. मनोऱ्याच्या वरच्या भागात १७४८ मध्ये बनवलेला, सुमारे ९ टन वजनाचा धातूचा प्रचंड ढोल आहे, ज्याच्या पृष्ठभागावर सुमारे ३०,५०० चौकोनी भोके आहेत. या भोकांत धुनेप्रमाणे पोलादी खुंट्या बसवलेल्या असतात. ढोल फिरू लागला की प्रत्येक खुंटी समोरच्या रांगेतील एक तरफ उचलते, तरफेला बांधलेली तार वर घंटेपर्यंत गेलेली असते, आणि तारेच्या ओढीने हातोडा उचलला जाऊन घंटेवर बाहेरून आदळतो. दर पाव तासाला हे घडते. ज्याने लहानपणी चावीचे वाजणारे खेळणे उघडून पाहिले आहे त्याला तत्त्व लगेच कळेल, फक्त येथे ते खेळणे खोलीएवढे आहे. धून बदलायची तर खुंट्या हाताने काढून दुसऱ्या भोकांत बसवाव्या लागतात. माझा आग्रहाचा सल्ला असा, की घड्याळ पाहून पाव तासाच्या दोन-तीन मिनिटे आधी या खोलीत पोहोचावे आणि तेवढा वेळ तेथे काढावा. तो क्षण हुकला तर ढोल हा निव्वळ मोठा धातूचा गोळा वाटतो. चालू झाल्यावर मात्र आधी यंत्राची खरखर, मग तरफांची खटखट आणि मग क्षणभराने वरून उतरणारा स्वर, हा क्रम कानांनी वेगवेगळा ओळखता येतो. खाली चौकात उभे राहून ऐकणाऱ्याला केवळ शेवटचा स्वर मिळतो.

ढोलाखेरीज ब्रूजमध्ये ४७ घंटांचे कॅरिलॉन, म्हणजे सुरात लावलेल्या घंटांचे वाद्य आहे, ज्यांचे एकत्रित वजन सुमारे २७ टन भरते. त्यातील २६ घंटा योरिस ड्युमेरी याने अठराव्या शतकाच्या मध्याला ओतलेल्या आहेत. उरलेल्या २०१० मध्ये नव्याने बसवल्या गेल्या. ढोलाने वाजणारे संगीत वेगळे आणि माणसाने वाजवलेले वेगळे. वादक एका छोट्या खोलीत लाकडी दांड्यांच्या फळीसमोर बसतो आणि मुठींनी त्या दांड्या खाली दाबतो, जड घंटांसाठी पायांनी पट्ट्या दाबतो, आणि तारांमार्फत घंटेच्या आतला लोळा हलतो. घंटा स्वतः जागची हलत नाही. जोरात आणि हळू, असा फरक केवळ माणसाच्या हातातूनच निघतो, ढोलातून नाही. बेल्जियममधील ही कॅरिलॉनची परंपरा जपण्याच्या कामाची युनेस्कोने २०१४ मध्ये खास नोंद घेतली. दोन्ही शहरांत नगराने नेमलेले वादक ठरावीक दिवशी वादन करतात आणि ते ऐकायला तिकीट लागत नाही. किंबहुना ते वर जाऊन ऐकूच नये. ब्रूजमध्ये मनोऱ्याखालच्या बाजार-इमारतीचे आतले आवार आणि गेंटमध्ये मनोऱ्यापासून थोडी दूरची एखादी शांत गल्ली, येथे स्वर नीट जुळून येतात. घंटांच्या शेजारी उभे राहिले की केवळ धातूचा कल्लोळ ऐकू येतो.

ब्रूजमधील तिजोरीची खोली पाहायला फार वेळ लागत नाही. लोखंडी जाळीचे जुने दरवाजे आणि एकाच माणसाला उघडता येऊ नये अशा बेताने अनेक कुलपे लावलेली व्यवस्था पाहिली, की आपल्याकडच्या जुन्या देवस्थानांतील, वेगवेगळ्या मानकऱ्यांकडे किल्ल्या असलेल्या पेट्या आठवतात. गेंटमध्ये याच कामाची खोली तळमजल्यावर आहे.

गेंटच्या आत यंत्र आहे, घंटाही पन्नासहून अधिक आहेत, पण तिथला खरा ऐवज गोष्टींचा आहे. माथ्यावरून उतरवलेला जुना ड्रॅगन येथे हातभर अंतरावरून पाहता येतो. इतक्या जवळून त्याचे सांधलेले पत्रे आणि त्यांवरचे ठोके दिसतात, जे खालून कधीच कळणार नाहीत. मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांवर उभ्या असलेल्या शस्त्रधारी दगडी पहारेकऱ्यांपैकी एकच मूळ पुतळा उरला आहे आणि तोही येथेच आहे, ऊन-पावसाने चेहरा पुसट झालेला. आणि रोलंड. रोलंड हे गेंटच्या मुख्य घंटेचे नाव. तिच्यावर कोरलेल्या ओळींचा आशय असा होता, की माझे नाव रोलंड, मी टोले देते तेव्हा आग लागलेली असते आणि मी घुमते तेव्हा फ्लांडर्समध्ये वादळ असते. गेंटकरांनी १५३९ मध्ये जादा कराविरुद्ध बंड केले ते सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध, जो याच शहरात १५०० साली जन्मला होता. १५४० मध्ये त्याने बंड मोडले, शहराचे हक्क रद्द केले, प्रतिष्ठित नागरिकांना गळ्यात फास अडकवून आपल्यासमोर चालायला लावले, आणि शिक्षेच्या यादीत रोलंड घंटा मनोऱ्यावरून उतरवण्याचे कलमही घातले. गावाची घंटा उतरवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मिरवत आणल्या गेल्या आणि मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकला देवळांत टांगल्या गेल्या. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची आपली रीत तिथूनच आली. गेंटची रोलंड मात्र कोणी मिरवत नेली नाही. ती पुढे १६५९-६० मध्ये वितळवून पीटर हेमोनी या प्रसिद्ध ओतकाराने तिच्या धातूतून कॅरिलॉनच्या घंटा ओतल्या. त्यातली सहा टनांहून जड अशी सर्वांत मोठी घंटा १९१४ मध्ये तडकली. ती आज मनोऱ्याच्या पायथ्याजवळ उघड्यावर ठेवली आहे. तिकीट न काढताही तिच्यावरची भेग जवळून पाहता येते, आणि लहान मुलांना मनोऱ्यातल्या कोणत्याही वस्तूपेक्षा हीच जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

तिच्या शेजारचा २०१२ मध्ये उभारलेला दोन उतरत्या छपरांचा नगरमंडप पाहून अनेक पर्यटक नाके मुरडतात. गेंटकरांनी स्वतःच त्याला ‘मेंढवाडा’ असे नाव ठेवले आहे. मला तो वाईट वाटत नाही. पावसाच्या दिवशी तर मुळीच नाही.

वरून काय दिसते

ब्रूजच्या माथ्यावर पोहोचल्यावर आपण घंटांच्या खाली, कमानींनी वेढलेल्या खोलीत असतो आणि कमानींना जाळ्या बसवलेल्या आहेत. मोबाइलची भिंग-बाजू जाळीच्या भोकाला लावून छायाचित्र निघते, पण मोठ्या कॅमेऱ्याची पंचाईत होते. दृश्य मात्र सुरेख आहे. पायऱ्या-पायऱ्यांच्या माथ्याची घरे, लाल कौले, शहराभोवती जवळजवळ अंड्याच्या आकारात फिरलेला कालवा, जुन्या तटबंदीवरच्या पवनचक्क्या, चर्च ऑफ अवर लेडीचा सुमारे ११५ मीटर उंचीचा विटांचा मनोरा, आणि त्यापलीकडे समुद्रापर्यंत गेलेली सपाट जमीन. खालच्या मार्क्ट चौकात क्रॅनेनबुर्ग नावाचे घर ओळखता येते, जिथे १४८८ मध्ये ब्रूजकरांनी राजपुत्र मॅक्सिमिलियनला कोंडून ठेवले होते.

असे असूनही दृश्यासाठी मी गेंटला झुकते माप देतो. ब्रूजच्या क्षितिजावरची सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे हा मनोराच, आणि त्याच्यावर उभे राहिले की नेमका तोच दिसत नाही. वर चढून आपण चित्रातला मुख्य नायक वजा करतो. ज्यांना मनोऱ्यासह ब्रूज पाहायचे आहे त्यांनी त्याच चौकातल्या हिस्टोरियम या प्रदर्शनाच्या नव-गॉथिक मनोऱ्यावर जावे. तो ठेंगणा आहे, पण समोर बेलफोर्ट पूर्ण दिसतो. गेंटमध्ये नगराचा मनोरा दोन मोठ्या चर्चच्या मधोमध उभा आहे. पश्चिमेला निळसर-करड्या दगडाचे सेंट निकोलस चर्च आणि पूर्वेला सेंट बाव्हो कॅथेड्रल, दोन्ही इतकी जवळ की सज्जातून त्यांचे कळस, पन्हाळ्या आणि दगडी नक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतात. गॉथिक मनोऱ्याचा वरचा भाग समोरासमोर पाहण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते, कारण एरवी मान वर करूनच तो पाहावा लागतो. शिवाय गेंटचा सज्जा उघडा आहे. तो अरुंद आहे, दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडतात, वारा बोचरा असतो, पण मध्ये जाळी नाही. उंचीची भीती असणाऱ्यांना मात्र हाच उघडेपणा नडेल. त्यांना ब्रूजची बंद खोली अधिक मानवते.

दोन्हीकडे पूर्ण तासाच्या ठोक्याला वर असाल तर आवाज छातीत जाणवतो. तान्ह्या मुलांना त्या वेळी वर नेऊ नये.

तिकीट, गर्दी आणि वेळ

गेल्या काही वर्षांत ब्रूजचे प्रौढांचे तिकीट पंधरा युरोंच्या आसपास आणि गेंटचे दहा-अकरा युरोंच्या आसपास राहिले आहे. दर बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे. गेंटच्या ‘सिटीकार्ड’मध्ये बेलफोर्टचा प्रवेश धरलेला असतो, आणि ग्राव्हनस्टेन किल्ला व इतर संग्रहालये पाहायची असतील तर ते कार्ड सहज परवडते. ब्रूजमध्ये एका वेळी मोजक्याच लोकांना वर सोडतात. हे त्या जिन्यासाठी योग्यच आहे, परंतु त्यामुळे वेळ आधी आरक्षित न करणाऱ्याचा उन्हाळ्यातला अर्धा दिवस रांगेत जातो. गेंटमध्ये सहसा असा प्रश्न येत नाही.

वेळेचे गणित सोपे आहे. ब्रूजसाठी चढणे, टप्प्यांवर थांबणे आणि उतरणे धरून दीड तास मोकळा ठेवावा. गेंटला तासाभरात आटोपते. रेल्वेने ब्रसेल्सहून गेंट सुमारे अर्ध्या तासावर आणि ब्रूज सुमारे एक तासावर आहे. ब्रूज स्टेशनापासून मार्क्ट चौक वीस मिनिटांच्या चालीवर आहे; गेंटचे सिंट-पीटर्स स्टेशन गावापासून बरेच लांब असल्यामुळे ट्राम घ्यावी. स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांनी गेंटच्या मध्यभागी कमी-उत्सर्जन क्षेत्र लागू आहे हे लक्षात ठेवावे आणि आपली गाडी त्यात बसते का, हे आधी तपासावे. नाही तर तिकिटात वाचवलेले पैसे दंडात जातील.

कोणी काय निवडावे

आईवडिलांना घेऊन निघालेल्यांनी गेंट निवडावे, आणि ब्रूज पाहायचेच असेल तर तेथे होडीची फेरी करून मनोरा चौकातून पाहावा. त्यात काही गमावल्याची भावना बाळगू नये, कारण ब्रूजचा मनोरा खालूनच अधिक देखणा आहे. दहा-बारा वर्षांच्या चपळ मुलांना ब्रूजचा जिना आणि ढोल दोन्ही आवडतील. वाद्य वाजवणाऱ्यांनी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि घड्याळदुरुस्तीची आवड असलेल्यांनी ब्रूज चुकवू नये. तशा ढोलासाठी ३६६ पायऱ्या ही मोठी किंमत नाही. वास्तुकलेत रस असणाऱ्यांनी गेंटच्या सज्जात जास्त वेळ घालवावा आणि उतरल्यावर सेंट मायकेल पुलावर जाऊन बेलफोर्ट आणि दोन्ही चर्चचे असे तिन्ही मनोरे एका रांगेत पाहावेत. छायाचित्रकारांनाही गेंटच. खर्चाचा प्रश्न असेल तर उत्तर तेच.

एकाच दिवसात दोन्ही करणे शक्य आहे आणि तरुण मंडळींनी ते करावे. मात्र क्रम उलटा ठेवावा. ब्रसेल्सहून निघाल्यावर आधी लागणारे गेंट सोडून थेट ब्रूजला जावे, सकाळची पहिली वेळ आरक्षित करावी, पाय ताजे आणि जिना रिकामा असताना चढून घ्यावे, आणि दुपारी परतीच्या वाटेवर गेंटला उतरावे, जिथे थकलेल्या पायांसाठी लिफ्ट आहे. गेंटमध्ये शेवटच्या प्रवेशाची वेळ संध्याकाळी फार उशिराची नसते, तेव्हा ब्रूजमधून दुपारी दोनच्या आत निघावे. सेंट बाव्हो कॅथेड्रलमधील, फान आइक बंधूंनी १४३२ मध्ये पुरे केलेले कोकराच्या पूजेचे भव्य वेदीचित्रही पाहायचे असेल, तर त्याचे तिकीट वेगळे आणि वेळेनुसार मिळते; ते आधी काढून त्याच्या मागेपुढे मनोरा बसवावा.